नमुन्याचे गर

यशोदाकाकींचा कुणाच्याच हातांवर विश्वास नव्हता. मालकाच्या नाही, माझ्या नाही, स्वतःच्याही नाही. संध्याकाळी काम सुटलं की त्या प्रतवारीच्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणारी प्रत्येक बाई दोन्ही तळहात पुढे करून, बोटं फाकवून त्यांना दाखवायची. पण त्याआधी काकी स्वतःचे तळहात रांगेतल्या पहिल्या बाईसमोर उघडायच्या.

"बघ. नीट बघ. माझे बघितलेस तरच तुझे बघीन."

ही पद्धत मालकांनी घातलेली नव्हती, कुठल्या नियमातही नव्हती. ती काकींची होती. मिरजोळ्याच्या आमच्या लहानशा काजूच्या फॅक्टरीत ती इतकी रुळली होती, की नवीन मुलगी आठवड्याभरात घरातून निघतानाही सासूपुढे हात उघडते, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

मी तिथे उत्पादन आणि पाठवणी बघते. सकाळी कामांची यादी करायची, संध्याकाळी खुणा करायच्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर लिहायचं, हा माझा शिरस्ता. काकींना तो हास्यास्पद वाटे. "सरोज, तुझ्या कागदाला विचार गो, भूक लागली काय तुला," असं त्या डबा उघडताना हमखास म्हणायच्या.

काकी समुद्राकाठच्या मिऱ्या गावच्या. माहेर मासळीच्या धंद्यातलं, नवरा मालवाहू जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेला. ऐन तरुणपणी त्या काजू फोडायला लागल्या. बीच्या टरफलातलं तेल बोटांना खातं. काकींच्या बोटांची टोकं काळी पडून गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हा ते काकींना ओळखेना. दुकानदाराने अंगठा पुसायला लावला, तेल लावायला लावलं, दुसऱ्या हाताचा ठेवायला लावला. शेवटी काकी म्हणाल्या, "तुझं मशीन म्हणतं मी यशोदा नाय. मी म्हणते मी हाय. आता तू कुणाचं ऐकतोस ते सांग, म्हणजे मी पिशवी उघडते." रांगेतले सगळे हसले. पिशवी भरूनच त्या घरी गेल्या.

संशय हा त्यांचा स्वभाव होता, आणि फॅक्टरीत तोच त्यांचा गुण ठरला. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांनी माहेरचं मासळी तोलायचं जुनं पितळी वजन आणून फळीवर ठेवलं. रोज सकाळी आधी ते काट्यावर ठेवायचं, आकडा बरोबर आला तरच काम सुरू. "काटा माणसानेच बसवलाय ना? मग झालं." बाजारात बांगडा घेताना एकदा कोळणीसमोर कल्ले उघडून बघायच्या, पैसे देऊन झाल्यावर पुन्हा बघायच्या. मधल्या वेळात मासा बदलला तर?

त्यांचा दबदबा बसला तो एका पाकिटामुळे. आमच्याकडे कामगारांना पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, स्वस्तात मिळतो. एकदा एक बाई असं पाकीट घेऊन निघाली होती. काकींनी ते हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं आणि परत टेबलावर ठेवलं. "पाकळी असा आवाज करत नाय." फोडलं तर वर पाकळीचा थर आणि खाली निवडक मोठे गर. त्या बाईचं जे व्हायचं ते झालं. मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्या दिवसापासून प्रतवारीचं टेबल काकींच्या ताब्यात दिलं आणि पुन्हा तिकडे वळून पाहिलं नाही.

टेबलावरचं काम समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साल काढलेले गर लांबलचक टेबलावर येतात आणि बायका ते आकाराप्रमाणे वेगवेगळ्या ट्रेमध्ये टाकतात. आकाराला आकडे असतात. एका पौंडात साधारण किती गर बसतात, तो आकडा. दोनशेचाळीसचा गर मोठा, तीनशेवीसचा त्याहून लहान आणि स्वस्त. काकी डाव्या मुठीत दोनशेचाळीसचे चार-पाच गर घेऊन टेबलाभोवती फिरायच्या. हा नमुना. तपासायच्या ट्रेच्या कोपऱ्यात ते मांडायचे, शेजारी त्या ट्रेमधले ठेवायचे, डोळे बारीक करून बघायचं, नमुना उचलून मुठीत घ्यायचा आणि पुढच्या ट्रेकडे जायचं. मांडायचं, बघायचं, उचलायचं. बोलता बोलता, रागावता रागावता, कुणाच्या बाळंतपणाची चौकशी करता करता हात ते करत राहायचे.

एका दिवाळीनंतर मनीषावर आळ यायला लागला.

मनीषा काकींच्या लगेच उजवीकडे बसायची. तिशीतली, दोन मुलांची आई, कामाला चटपटीत, तोंडाला त्याहून चटपटीत. तिच्या तीनशेवीसच्या ट्रेमध्ये मोठे गर सापडायला लागले. एकदा, मग आठवड्याने, मग दर दोन-चार दिवसांनी.

"हे काय गो?" काकींनी सगळ्यांसमोर ट्रे पुढे सरकवला. "स्वस्तातल्या मालात महाग माल कसा आला?"

"मी नाय टाकले काकी."

"मग उडत आले?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला सगळं दिसतं ना."

"दिसतं म्हणूनच इचारते."

मला मनीषाचाच संशय आला, हे सांगून टाकते. पाकिटाची जुनी गोष्ट ताजी होती, स्वस्त मालाखाली महाग माल लपवून न्यायची पद्धत तीच वाटत होती, आणि मनीषाच्या घरी नवऱ्याच्या कामाचा ठिकाणा नव्हता. मी तिची पाकिटं बघितली, डबा बघितला. काही निघालं नाही. तेव्हा मला आणखीच संशय आला; मला वाटलं, बाई हुशार आहे.

भाऊंनी मला बोलावलं. "टेबलावर रोज तमाशा नको. नव्या हंगामाची बी यायच्या आत दोघींपैकी एकच टेबलावर राहील. कोण, ते तू ठरव." ते मी त्या दिवशीच्या यादीत लिहिलं. संध्याकाळी खूण करता आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर तेच. कितीतरी दिवस ते सगळ्यात वरच राहिलं.

माझ्या खोलीला टेबलाच्या बाजूने काच आहे. मी तिथे बसून बघायचं ठरवलं. फक्त हातांकडे, चेहऱ्यांकडे नाही. मनीषाचे हात भराभर चालत होते. काकी आल्या, मुठीतले गर ट्रेच्या कोपऱ्यात मांडले, डोळे बारीक केले. पलीकडून कुणीतरी हाक मारली. काकी वळल्या, काहीतरी बोलल्या आणि रिकामी मूठ आवळून पुढच्या ट्रेकडे गेल्या. तिथे मूठ उघडली, क्षणभर तळहाताकडे पाहिलं, नमुन्याच्या भांड्यातून नवीन गर घेतले. एक फेरी मारून मनीषाकडे परत आल्या.

"परत? हे मोठे गर परत?"

मी उठून उभी राहिले. माझ्या मनात पहिला विचार काय आला? काकी हे मुद्दाम करतायत. भाऊ मनीषाला पुढेमागे टेबलप्रमुख करणार, अशी कुजबुज होती. काकींनी ती ऐकली असणार आणि पोरीचा काटा काढायला सुरुवात केली असणार. संशय घ्यायला मी काकींकडूनच शिकले होते. तो आता मी त्यांच्यावर लावला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना बाजूला घेतलं. "काकी, तो नमुना तुमचा होता. तुम्ही ठेवलात आणि उचलला नाहीत."

"मी उचलला."

"मी काचेतून बघत होते. तुमची मूठ रिकामी होती."

"मग कुणीतरी काढून घेतले मुठीतून."

एवढं लगेच! गाडीवाले, दलाल, पुरवठादार यांच्याशी माझी रोज गाठ असते. खोटं बोलणारा माणूस आधी किंचित थांबतो, नजर एकदा दुसरीकडे जाऊन येते. काकी थांबल्या नाहीत. नजर हलली नाही. "मी रोज उचलते गो," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "इतकी वर्षं उचलत आले. आजच कशी विसरेन?" आणि कुळथाच्या पिठीत भात कालवायला लागल्या.

त्यांच्या नवऱ्याला, बाबीकाकांना, मी तिसऱ्या दिवशी गाठलं. ते काकींना रोज स्कूटरवरून सोडायचे. काकी नमुना उचलायला विसरतात, हे मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी स्कूटर बंदसुद्धा केली नाही.

"तुम्हाला तिला काढायची हाय. सरळ सांगा. उगाच माझ्या बायकोला येडी ठरवू नका."

"काका, पितळी वजन दोन दिवस सापडत नव्हतं. तेव्हा काकींनी सगळ्या बायकांच्या पिशव्या उलट्या केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आपोआप फळीवर आलं. त्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला आत आला होतात."

आता त्यांनी स्कूटर बंद केली.

"तांदळाच्या डब्यात होतं," ते म्हणाले. "मी बोललो नाय. बोललो असतो तर म्हणाली असती, मीच ठेवलं. आमटीत दोनदा मीठ पडतं ना, तर म्हणते शेजारीण येऊन टाकून जाते. मी खातो गप. जहाजावर याहून वाईट खाल्लंय." ते हसले, पण त्यात दम नव्हता. "तिला काय झालंय हो?"

डॉक्टरांकडे न्यायचं कसं, हा प्रश्न होता. काकींच्या मते त्यांना काही झालेलं नव्हतं. शेवटी बाबीकाकांनी स्वतःचं ब्लडप्रेशर पुढे केलं, आणि सोबत म्हणून काकी आणि मी गेलो. तिथे डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी करू म्हटल्यावर काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुझ्या कागदावर लिवलेलं होतं काय?"

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी काकींना काही शब्द सांगितले आणि विचारलं, यातले थोड्या वेळाने किती आठवतील? "सगळे," काकी म्हणाल्या. मग घड्याळ काढायला लावलं. "का? तुमचं बंद हाय?" काकींनी विचारलं, आणि एक गोल काढून सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. शब्दांची वेळ आली तेव्हा दोन आठवले. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "झालं की. सांगितले सगळे." मी काकींच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे समाधान होतं.

मेंदूचा फोटो काढून झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. पुढच्या भेटीला काकी बाहेर बाकावर दुसऱ्या एका पेशंटच्या पिशवीवर लक्ष ठेवून बसल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, त्या म्हणाल्या. ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं.

"त्या लपवत नाहीयेत. आणि खरं पचत नाही म्हणून नाकारतही नाहीयेत. त्यांना ते खरोखर कळत नाही."

"असं कसं कळणार नाही?" मी विचारलं. मला अशी समजुतीची उत्तरं नेहमी संशयास्पद वाटतात.

त्यांनी कागदावर मेंदू काढला. कपाळामागचा भाग, त्यातही उजवीकडचा जास्त, आणि दोन अर्ध्या भागांच्या मधोमध आत असलेला एक पट्टा, हे सगळे मिळून आपल्यावरच नजर ठेवतात: काय करायचं ठरलं होतं, काय झालं, कुठे चुकलं. आठवणी साठवणारा भाग वेगळा, कानांच्या बाजूला आत. चूक झाली की नजर ठेवणाऱ्यांनी ती पकडायची आणि 'मी कशी आहे' या आपल्या मनातल्या नोंदीत भर घालायची. काकींच्या बाबतीत दोन्ही भाग झिजत होते आणि त्यांच्यातले दुवेही. त्यामुळे ती नोंद जुनीच राहिली होती. त्यात लिहिलेलं होतं: यशोदा कधी विसरत नाही.

"पण मग चिडतात का एवढ्या?" बाबीकाकांनी विचारलं.

"कारण काहीतरी चुकलंय हे कुठेतरी जाणवतं. मूठ उघडली, रिकामी निघाली, धक्का बसतोच. पण 'माझं चुकलं' इथपर्यंत तो धक्का पोचत नाही. मग मन कारण बाहेर शोधतं. आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्यावर येऊन थांबतं."

शेजारी मनीषा बसायची. उजवीकडे, पहिलाच ट्रे.

मी माझ्या भाषेत समजून घेतलं. प्रत्येकाच्या डोक्यात एक टेबलप्रमुख असतो, आपलेच ट्रे तपासणारा. काकींच्या डोक्यातला उठून निघून गेला होता, आणि तो गेल्याचं सांगायचं काम त्याचंच होतं.

निघताना डॉक्टर एक गोष्ट बोलून गेल्या. असे पेशंट कधीकधी स्वतःतलं जे बघू शकत नाहीत, ते दुसऱ्यात अगदी स्पष्ट बघतात. "दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून सांगून बघा. वाद घालण्यापेक्षा बरं." मला यात फसवणुकीचा वास आला. पण नवीन बी यायला थोडेच दिवस राहिले होते, भाऊ रोज विचारत होते, आणि मनीषाने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, चोर म्हणून जाणार नाय मी. त्यापेक्षा पोलिसांना बोलवा." दोघींपैकी एक टेबलावरून उठणार होती, आणि जिला उठावं लागेल तिच्या नावाला डाग लागणार होता.

शनिवारी दुपारी फॅक्टरी रिकामी असताना मी काकींना चहाला बसवलं.

"काकी, एक सल्ला हवाय. माझ्या ओळखीची एकजण आहे, दुसऱ्या फॅक्टरीत काम बघते. तिच्याकडे टेबलावर एक जुनी बाई आहे. तिच्या शेजारच्या पोरीच्या ट्रेमध्ये मोठे गर सापडतात. बाई म्हणते पोरगी चोर आहे."

काकींनी कप खाली ठेवला. डोळे बारीक झाले, ट्रे बघताना व्हायचे तसे.

"किती गर?"

"चार-पाच."

"दर वेळी चार-पाचच?"

"हो."

"कुठे असतात? पसरलेले, का एका जागी?"

"कोपऱ्यात."

काकी हसल्या. कोळणीने बदललेला मासा पकडला की हसायच्या, तशा. "चोर कशाला कोपऱ्यात ठेवील गो? तो खाली दाबील. हे नमुन्याचे हायेत. ती म्हातारी मांडते आणि उचलायला इसरते. सोपं हाय. तुझ्या त्या बाईला डोळे नायत काय?"

मी हातातला चहा ठेवून दिला.

"पण ती म्हातारी म्हणते, मी उचलते."

"म्हणणारच. तिला कसं कळणार? कळलं असतं तर उचलले नसते?" त्यांनी कप परत उचलला. "वाईट झालं. चांगली बाई असेल."

"मग काय करायचं?"

"टेबलावरून उठवायची. पोरीच्या पोटावर पाय नको. पण घरी बसवू नका हां. हात थांबले की संपली ती." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "आणि तिला सांगू नका इसरतेस म्हणून. सांगून काय उपेग? नुसती भांडणं करील. तिला म्हणायचं, नव्या पोरी साल काढताना गर मोडतात, तुझ्याशिवाय त्यांच्यावर नजर ठेवणारं कोण नाय. मान राखून करायचं. मंग उठेल."

"आणि पोरगी?"

"पोरीला सगळ्यांसमोर सांगायचं, तुझी चूक नाय. आळ सगळ्यांसमोर आला ना? मग उतरलाही सगळ्यांसमोर पायजे." चहा संपवून त्या म्हणाल्या, "कोण गो ती म्हातारी? माझ्या ओळखीची?"

"तुमच्यासारखीच आहे थोडी."

"माझ्यासारखी नाय हां," काकी ठामपणे म्हणाल्या. "मी इसरत नाय."

सोमवारी मी सगळ्या बायकांना टेबलाशी बोलावलं आणि सांगितलं, मनीषाच्या ट्रेमधले मोठे गर नमुन्याचे होते, तिने काही केलेलं नाही. नमुना कुणाचा, ते बोलले नाही. ते सगळ्यांना कळलं. बायका खाली बघायला लागल्या. एकट्या काकी वर बघत होत्या. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या, "चोर कोपऱ्यात ठेवत नाय." मनीषाने आपला ट्रे पुढे ओढला आणि गर निवडायला लागली.

मग मी काकींना त्यांचंच वाक्य ऐकवलं, शब्द न बदलता. नव्या पोरी साल काढताना गर मोडतात. तुमच्याशिवाय नजर ठेवणारं कोणी नाही.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे कुणी सुचवलं गो तुला? तुझ्या कागदात एवढी अक्कल नाय."

"एका शहाण्या बाईने."

"हं," म्हणत त्यांनी पदर खोचला, पितळी वजन उचललं आणि साल काढायच्या खोलीत गेल्या. वजनाचं तिथे काही काम नव्हतं. कुणी अडवलं नाही.

भाऊंना मी जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं. मनीषा टेबलप्रमुख झाली. तिने आल्या आल्या नमुन्याचे गर एका पाटीवर चिकटवून घ्यावेत, म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही, असं मी सुचवलं. तिने मान हलवली. "मुठीतच बरे. काकींना चालायचं नाय ते."

साल काढायच्या खोलीत काकी वर्षभर होत्या. हातांना सगळं येत होतं. कोरडी साल बोटाच्या एका दाबाने सुटायची, गर अख्खा राहायचा. नव्या मुलींची नावं राहायची नाहीत. त्या सगळ्यांना "ए पोरी" म्हणायच्या, आणि प्रत्येकीबद्दल मला वेगळं बोलावून सांगायच्या, "हिच्यावर लक्ष ठेव." संध्याकाळी मात्र त्या प्रतवारीच्या खोलीच्या दारातच यायच्या. ती जागा त्यांनी सोडली नाही आणि मनीषाने मागितली नाही. रांगेत पहिली मनीषा उभी राहायची. काकी हात उघडायच्या, मनीषा बघायची. मग मनीषा उघडायची, काकी बघायच्या.

नंतर घराचा रस्ता चुकायला लागला, बाबीकाकांना त्या "भाडेकरू" म्हणायला लागल्या, आणि येणं बंद करायचं ठरलं. मी त्यांना फॅक्टरीत शेवटचं पाहिलं ते त्याच दारात. बाबीकाका फाटकाशी स्कूटर घेऊन थांबले होते. बायका रांगेत होत्या, मी काचेमागून बाहेर आले होते.

"बघ, नीट बघ," काकी म्हणाल्या आणि मुठी उघडल्या.

डाव्या तळहातावर मोठे गर होते. चार-पाच. घामाने ओले झालेले. दिवसभर मुठीत असावेत.

काकी त्या गरांकडे बघत राहिल्या. एकदा तळहाताकडे, एकदा आमच्या सगळ्यांकडे, आणि त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मनीषाचा ट्रे पुढे सरकवताना व्हायचा तसा. पण यावेळी शेजारी दुसरं कुणी नव्हतं. हात त्यांचाच होता.

"हे कुणी ठेवले गो माझ्या हातात?"

"मी," मनीषा म्हणाली. ती पुढे झाली आणि एकेक गर उचलून आपल्या मुठीत घेतला. "माझा नमुना आहे काकी. सकाळी तुमच्याकडे ठेवायला दिला होता. न्यायला विसरले."

काकींनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग रिकामा झालेला हात पदराला पुसला.

"इसरायची सवय वाईट हां पोरी," त्या म्हणाल्या. "आज मी होते म्हणून."

"व्हय काकी."

त्यांनी मनीषाचे हात बघितले, मग बाकीच्यांचे. एकीचीही तपासणी चुकवली नाही. सगळ्या गेल्यावर माझ्यापाशी आल्या, कानाशी वाकल्या.

"हिच्यावर लक्ष ठेव गो, सरोज," म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालत गेल्या. स्कूटरवर बसण्याआधी त्यांनी बाबीकाकांना दोन्ही हात पुढे करायला लावले.